पहिल्याच फेरीत घरी

मी आमच्या घरमालकांना सांगितलं की तुमचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या पहिल्याच फेरीत घरी येणार, आणि त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं माझ्या बायकोनेही विचारलं होतं. तिला जे सांगितलं तेच इथे सांगतो, फक्त तेव्हा जिथे जिथे मी स्वतःची बाजू घेतली होती ती वाक्यं गाळतो. म्हणजे गोष्ट बरीच लहान होईल.

जपानमधल्या इचिकावात आम्ही ज्या दुमजली घरात राहतो, त्याच्या खालच्या मजल्यावर घरमालक राहतात. घरमालकाला इकडे ओया-सान म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ते मला निकाई-सान म्हणतात, म्हणजे वरच्या मजल्याचे साहेब. माझं खरं नाव त्यांनी पहिल्या दिवशी उच्चारून पाहिलं, अर्ध्यात सोडलं आणि मला मजल्यावरून ओळखायचं ठरवलं. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी आईबापांबरोबर बोटीत बसून ते दक्षिण अमेरिकेत गेले. तिथे लाल मातीत सोयाबीन लावलं, लग्न केलं, म्हातारे व्हायला लागले, आणि मग पोटापाण्यासाठी परत जपानला आले. कुठला देश ते लिहीत नाही. त्या देशाने माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि माझ्यामुळे त्याची जेवढी शोभा व्हायची तेवढी झाली आहे.

जपानी माणसासारखे ते फक्त दिसतात. रस्त्यात भेटले की खांद्यावर थाप मारतात, मोठ्याने हसतात, तिकडच्या सवयीने ग्लासात भिजवलेल्या पाल्याचं गार पाणी लोखंडी नळीने ओढत फाटकात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात. सत्तर वर्षांपूर्वी सोडलेल्या गावापेक्षा वीस वर्षांपूर्वी सोडलेलं गाव त्यांना जास्त आठवतं. आणि त्या गावाचं जे काही उरलं आहे ते सगळं एका गोष्टीत उरलं आहे, ती म्हणजे तिथला फुटबॉल संघ. हा संघ विश्वचषकाला रोज रोज पोचत नाही. या वेळी पोचला होता.

पण ओया-सानना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकला होता. मी फाटकातून आत शिरलो की ते मला "कोण, पोस्टमन का?" असं विचारायचे, आणि पोस्टमनला निकाई-सान म्हणायचे. पोस्टमन बिचारा हात हलवून पुढे जायचा. ऑपरेशन किरकोळ होतं. सकाळी जायचं, दुपारी डोळ्याला पट्टी लावून घरी. त्यांची मुलगी दोन स्टेशनं पलीकडे राहते. तिने डॉक्टरांच्या मागे लागून स्पर्धेच्या आधीची तारीख मिळवली होती, म्हणजे वडिलांना सामने नीट बघता येतील. यात कुणाला काही अडचण असायचं कारण नव्हतं. ओया-सानना होती. त्यांना डोळ्याजवळ काहीही आणलेलं सहन होत नसे. चष्मासुद्धा ते डोळे मिटून घालायचे.

एका रविवारी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरलो तेव्हा त्यांनी मला फाटकात अडवलं.

"निकाई-सान, तू कॉम्प्युटरवाला. सांग बघू, आमची पोरं किती पुढे जातील?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

"नीट बघ. पुढे जाणार असतील तर डोळे कापून घेतो. नुसत्या तीन सामन्यांसाठी कोण डोळ्यात सुरी घालून घेईल?"

हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण त्यावर मी हसलोही होतो. पण तोवर माझ्या डोक्यात "बघून सांगतो" हे काम सुरू झालं होतं, आणि काम सुरू झालं की मला माणसं दिसत नाहीत.

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी तोयोसुच्या एका उंच इमारतीत एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. नवीन आलो होतो तेव्हा बँकेच्या साहेबांनी विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का? मी म्हणालो, होऊन जाईल. पुण्यात "होऊन जाईल"चा अर्थ "तुमचं बोलणं माझ्या कानावर पडलं" एवढाच असतो. पुण्यातलं कुणीही एवढ्यावर विसंबून शुक्रवारी काही ठरवत नाही. इथे त्यांनी शुक्रवारी दुपारी माणसं बोलावून ठेवली. काम झालं नव्हतं. माझा साहेब कमरेत वाकला, त्याच्या शेजारी मी वाकलो, आणि बराच वेळ आम्ही दोघांनी त्या खोलीतला गालिचा बघितला. त्या दिवसापासून मी पुन्हा कधी "होऊन जाईल" म्हणालो नाही. कुणी काही विचारलं की मी आधी सगळे धोके सांगतो. सर्व्हर पडला तर? नेटवर्क पडलं तर? मी स्वतः जिन्यावरून पडलो तर? बँकेत माझा मान वाढला. त्या मजल्यावर माझ्याइतका उदास अंदाज देणारा दुसरा माणूस नाही, आणि एकदा तर साहेबांनी चारचौघांत माझं कौतुक केलं की निकाल माझ्या अंदाजापेक्षा नेहमीच बरा लागतो.

तर असा मी आठवडाभर त्या संघाचा अभ्यास केला. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे मला समजावून देणारे दोन मित्र आता मला फोन करत नाहीत. पण धोके कळायला खेळ कळावा लागत नाही. गटात समोर तीन संघ, तिन्ही तगडे. मुख्य खेळाडूचा गुडघा धरलेला. नवा प्रशिक्षक. पात्रता फेरीत गोल कमी. मी रंगीत तक्ता केला, कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात, जाऊन मोठ्या कागदावर छापून आणला. लाल रंग इतका लागला की तिथल्या मशीनने मध्येच दम घेतला. हिरवा चौकोन फक्त एका ठिकाणी होता, "प्रेक्षकांचा उत्साह" या रकान्यात.

ओया-सान तो कागद नाकाला लावून बघत राहिले. त्यांना अर्थातच काही वाचता येईना. इथे तरी मला थांबता आलं असतं. मी म्हणालो, "द्या, मी वाचून दाखवतो," आणि उभं राहून सगळा कागद खणखणीत आवाजात वाचला.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तीन सामने, आणि घरी."

"नक्की?"

"उपलब्ध माहितीनुसार."

"असं होय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलं, कौतुकाची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

पुढच्या रविवारी त्यांची मुलगी आली. ती आमच्या दारात उभी राहिली, वाकली आणि म्हणाली, "आमच्या वडिलांसाठी तुम्ही एवढे कष्ट घेऊन इतकी सविस्तर माहिती गोळा केलीत, त्याबद्दल मनापासून आभार."

मी म्हणालो, "छे, छे, त्यात काय."

ती म्हणाली, "पुढची तारीख आता थेट शरद ऋतूत मिळते. तुम्हाला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व." आणि गेली.

मी दार लावून वळलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"किती सभ्य बाई आहे," मी म्हणालो.

"अरे, ती तुला जोड्याने मारून गेली," बायको म्हणाली. "तुला लागलंसुद्धा नाही?"

"मी फक्त खरं ते सांगितलं."

"खरं कोणी मागितलं होतं? त्यांना ऑपरेशनची भीती वाटते. निमित्त शोधत होते. तू रंगीत प्रिंट काढून निमित्त हातात दिलंस. अख्ख्या जपानात एका माणसाला तुझ्याकडून होऊन जाईल ऐकायचं होतं, आणि नेमकं त्यालाच तू बँकेचा अहवाल वाचून दाखवलास."

संध्याकाळी मी खाली गेलो. म्हणालो, ओया-सान, मी पुन्हा हिशेब मांडला, गुडघा बरा होतोय म्हणतात, संघ बराच पुढे जाईल, तुम्ही ऑपरेशन करून टाका, सगळं होऊन जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कागद कुठाय?" ते म्हणाले.

"कागद नाही. असंच सांगतोय."

"मग मागचं खरं. मागच्याला कागद होता."

माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. दवाखान्यात मी स्वतः फोन करून बघितला. पलीकडच्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मी पेशंटचा कोण, असं विचारलं. मी म्हणालो, वरच्या मजल्यावर राहतो. तिने फारच नम्रपणे फोन ठेवला.

स्पर्धा पृथ्वीच्या त्या टोकाला होती, त्यामुळे तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. पहिल्या सामन्याच्या दिवशी मी डबा घेऊन ऑफिसला निघालो होतो. ओया-सान टीव्हीसमोर बसले होते, पडद्यापासून हातभर अंतरावर. खिडकीतून मला ते पाठमोरे दिसले. मी आत गेलो.

"दिसतंय का?"

"हिरवं दिसतंय. हिरव्यावर मुंग्या."

"टीव्हीवरचा माणूस सांगतोय ना पण."

"तो डोळे असलेल्यांना सांगतो. अरे, बघा बघा, म्हणतो. काय बघू?" मग त्यांनी शेजारची गादी थोपटली. "बस. तू सांग. तीनच तर सामने आहेत."

ते टोमणा मारत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही. मी साहेबाला उशीर होईल असा निरोप धाडला आणि बसलो.

आता माझी अडचण लक्षात घ्या. मी क्रिकेट बघत वाढलो. क्रिकेटमध्ये एक चेंडू पडला की बोलायला पुष्कळ वेळ मिळतो. इथे मी "चेंडू उजवीकडे" म्हणेपर्यंत तो डावीकडे जाऊन परत यायचा. दुसरं म्हणजे माझं जपानी. मला घरातलं जपानी येत नाही, मैदानातलं त्याहून नाही. मला फक्त बँकेचं जपानी येतं. त्यामुळे ओया-सानच्या कानावर जे समालोचन पडलं ते साधारण असं होतं: "सध्या चेंडू आपल्या ताब्यात आहे. पुढील कार्यवाही डाव्या बाजूने अपेक्षित आहे. समोरच्या पक्षाकडून हरकत आली आहे. चेंडू गेला. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"तू का माफी मागतोस?" ते ओरडले. "लाथ कोणी मारली?"

"तपासून कळवतो."

तो सामना संघ हरला. आणि मला, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं. म्हणजे माझा कागद बरोबर होता. आणखी दोन सामने हरले की ऑपरेशन न केल्याने काही बिघडलं नाही असं म्हणता येईल. ओया-सान नळीने रिकामाच ग्लास ओढत बसले होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच संघाने हरावं म्हणून मनात प्रार्थना करत होतो.

दुसरा सामना संघ जिंकला.

ओया-साननी मला मिठी मारली. जपानमध्ये इतकी वर्षं राहून मला कोणी मिठी मारली नव्हती, बायको सोडून, आणि तीही रागात नसली तर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या पाण्यामागे तो दुधाळ पडदा. मी वर आलो. बायको ऑफिसला जायची गडबड करत होती.

"जिंकले का?"

"जिंकले."

"मग तोंड असं का?"

"आता पुढच्या फेरीत जाऊ शकतात," मी म्हणालो. ती पर्स शोधत होती ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पर्स शोधायला लागली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तिसरा सामना कामाच्या दिवशी, नेमका बँकेच्या साप्ताहिक बैठकीच्या वेळी. मी घरून काम करायची परवानगी काढली आणि लॅपटॉप घेऊन खाली बसलो. एका कानात बैठक, दुसरा कान ओया-सानकडे. बरोबरी झाली तरी संघ पुढे जाणार होता. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि ते एका गोलने मागे होते. मी आता बँकेचं जपानी सोडून जे सुचेल ते बोलत होतो. "आत शिरला! उजवीकडून आत शिरला, कोणी अडवत नाहीये, सरळ आत चाललाय!"

कानात एकदम शांतता झाली. मग बँकेचे साहेब फार हळू आवाजात म्हणाले, "कोण आत शिरलाय?"

माझा माइक चालू होता. त्या आठवड्यात आम्ही बँकेच्या सुरक्षेचं काम करत होतो. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, कुठल्या सर्व्हरमध्ये? तिसरा म्हणाला, मी सगळं बंद करू का? मी लॅपटॉपवर वाकलो, कॅमेऱ्यासमोर वाकलो, म्हणालो नाही, नाही, कोणी शिरलेलं नाही, अत्यंत क्षमस्व, ही घरगुती बाब आहे. आणि तेवढ्यात माझ्या मागे टीव्हीवरचं मैदान फुटल्यासारखं ओरडलं.

"काय झालं?" ओया-साननी माझा दंड धरला. त्यांची बोटं रुतत होती. "गोल? आमचा?"

मी वर बघितलं. खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले होते. "आपला! आपला गोल!"

"कसा? कसा मारला?"

मी बघितला नव्हता. एवढ्या सामन्यांत बघण्यासारखी एकच गोष्ट झाली, आणि ती झाली तेव्हा मी गालिच्याऐवजी कीबोर्ड बघत होतो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे जिथे माझं तोंड असेल असं त्यांना वाटत होतं तिथे, माझ्या कानाच्या जरा वर.

"डाव्या पायाने," मी म्हणालो. "लांबून. जबरदस्त."

"डोक्याने," दारातून आवाज आला. त्यांची मुलगी उभी होती, हातात जेवणाचा डबा. कधी आली होती कोण जाणे. "अगदी जवळून, बाबा. उडी मारून डोक्याने." टीव्हीवर तोच गोल पुन्हा दाखवत होते. डोक्यानेच होता. पुन्हा दाखवला, पुन्हा डोक्याने.

ओया-साननी माझा दंड सोडला. मुलीने डबा उघडला, त्यांच्या हातात काड्या दिल्या, आणि मलाही विचारलं की आपणही थोडं घ्याल का. मी लॅपटॉप उचलून वर आलो.

संघ पुढे गेला होता. माझा कागद खोटा ठरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंदाजापेक्षा बरा निकाल लागल्याबद्दल माझं कौतुक करायला कोणी नव्हतं. मुलीने पुन्हा दवाखान्यात फोन केला. मधे कोणी रद्द केलं तर कळवू, म्हणाले. कोणी रद्द केलं नाही. रद्द करणारा माणूस आमच्या घरात होता, आणि त्याची जागा केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती. आपल्या डोळ्यांनी सामने बघणारा तो कोण असेल, याचा मी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या विचार करायचो.

बाद फेरीच्या सामन्याला मला बोलावणं येणार नाही असं मी धरून चाललो होतो. सकाळी ओया-साननी काठीने छत ठोकलं. त्यांचं छत म्हणजे आमची जमीन. मी खाली गेलो. मुलगी चहा करत होती. तिला बसून सांगता आलं असतं, पण ती म्हणाली तिला बघवत नाही, छातीत धडधडतं, आणि ती पाठ करून भांडी धूत राहिली.

या वेळी मी फोन घरी ठेवला होता. एकही पापणी न हलवता बघितलं आणि दिसेल ते सांगितलं. पोरं चांगली खेळली. मी चांगलं सांगितलं. कशाचाच काही उपयोग झाला नाही. समोरचा संघ सरस होता, त्याने एक गोल मारला, मग दुसरा, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं फक्त घड्याळ उरलं.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"पोरं काय करतायत?"

"बसलीत. गवतावर."

"सगळी?"

"एक जण उभा आहे. बाकीच्यांना उठवतोय."

"कोण? कितवा नंबर?"

तो पाठमोरा नव्हता. मी तो वळायची वाट बघितली, पण टीव्हीने जिंकलेल्यांकडे कॅमेरा वळवला. "दिसला नाही," मी म्हणालो. या वेळी खोटं बोललो नाही, त्याचा कुणाला काही फायदा नव्हता.

ते अजून पडद्याकडेच तोंड करून बसले होते. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती. मग मुलीला हाक मारून म्हणाले, "तारीख घे. मिळेल ती."

शरद ऋतूत त्या तारखेला मुलीच्या गाडीतून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी उतर असंही म्हटलं नाही, म्हणून मी मागच्या सीटवर बसलो होतो. आत नर्सने नाव बघितलं, जरा थबकली, आणि विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही रद्द केलं होतंत ना? या वेळी नक्की? भीती नाही ना वाटत?"

ओया-साननी मी जिथे असेन असं वाटलं तिथे बोट दाखवलं. तिथे पाण्याचं यंत्र होतं. मुलीने बोट धरून माझ्याकडे वळवलं.

"या माणसाच्या डोळ्यांनी चार सामने बघितलेत मी," ते म्हणाले. "आता सुरीची कसली भीती घालता?"